विश्लेषण : छाती मोठी, म्हणून पोक काढून चालायचे? संकोच कुठून येतो आणि त्यावर उपाय काय?

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकात महिलांच्या डब्यासाठी थांबलेल्या गर्दीकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. अनेकींची सॅक पाठीवर नसते, छातीवर असते. चोरीची भीती आणि डब्यातली गर्दी ही त्याची चारचौघांत सांगण्यासारखी कारणे. न सांगण्यासारखे कारण पादचारी पुलावर कळते. जिना उतरताना लागलेले कोपर, समोरून येणाऱ्याचा 'चुकून' लागलेला हात आणि हात नाहीच लागला, तर नजर. ज्यांची छाती अंगाच्या मानाने मोठी आहे, त्यांच्यासाठी ही सॅक ढालीचे काम करते. मे महिन्यातल्या उकाड्यातही ठाण्यात रिक्षाच्या रांगेत एखादी मुलगी सैल जॅकेट घालून उभी असते, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते.

घरातून अशा मुलीला दोन सूचना मिळालेल्या असतात. 'पोक काढू नकोस, ताठ चाल' ही एक आणि 'ओढणी नीट घे' ही दुसरी. ताठ चालले की छाती दिसते आणि झाकायला गेले की खांदे पुढे येतात. दोन्ही सूचना एकाच वेळी पाळता येत नाहीत. बहुतेक मुली दुसरी पाळतात आणि पोक कायमचे राहते.

मराठीत हा विषय उघडपणे कधी आला?

अभिनेत्री हेमांगी कवी यांनी जुलै २०२१ मध्ये पोळ्या लाटतानाचा एक साधा व्हिडीओ समाजमाध्यमावर टाकला. त्याखाली पोळ्यांपेक्षा त्यांच्या शरीराबद्दलच्या आणि त्यांनी ब्रा घातली आहे की नाही याबद्दलच्याच प्रतिक्रिया जास्त गाजल्या. उत्तर म्हणून त्यांनी 'बाई, बुब्स आणि ब्रा' या मथळ्याची पोस्ट लिहिली. ब्रा घालायची की नाही हे त्या त्या बाईने ठरवायचे, हा तिचा मुख्य मुद्दा. पुढचे काही दिवस वृत्तवाहिन्यांपासून घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत त्यावर वाद झाला. ज्या घरांत हे कपडे टॉवेलखाली लपवून वाळत घातले जातात, तिथेही 'ब्रा' हा शब्द उच्चारला गेला.

त्या वादात एक बाजू मात्र राहून गेली. घालायची की नाही, हा प्रश्न मोठी छाती असलेल्या बाईसमोर बऱ्याचदा नसतोच. न घालता जिना उतरणेही तिला दुखते. तिचा प्रश्न वेगळा असतो. आपल्या मापाची मिळते कुठे आणि मापच चुकले नाही ना?

'मोठी' म्हणजे किती?

याला इंचांत उत्तर नाही. स्तनांचे वजन शरीराला पेलत नसेल आणि त्यामुळे दुखणी सुरू झाली असतील, तर डॉक्टर त्याला 'मॅक्रोमॅस्टिया' म्हणतात. एकाच मापाच्या दोघींपैकी एकीला काहीच त्रास नसतो, तर दुसरीची मान सतत धरलेली असते. उंची, खांद्यांची रुंदी, पाठीच्या स्नायूंची ताकद आणि कामाचे स्वरूप यावर बरेच अवलंबून असते.

स्तन हे चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचे बनलेले असतात. त्यांचा आकार आनुवंशिकता, वजन आणि संप्रेरके यांवर ठरतो. बहुतेक मुलींमध्ये वाढीची सुरुवात ८ ते १३ वर्षे या वयात होते आणि ती पूर्ण व्हायला काही वर्षे लागतात. मधल्या काळात एक बाजू दुसरीपेक्षा मोठी दिसणे अगदी नेहमीचे आहे. पाचवी-सहावीतच अंग भरलेल्या मुलीची अडचण वेगळी असते. ती मनाने लहानच असते, पण आजूबाजूचे लोक तिला मोठी समजून वागू लागतात. वर्गातल्या चिडवण्याची सुरुवातही तिच्यापासून होते.

काही थोड्या मुलींमध्ये वाढ थांबतच नाही. काही महिन्यांत स्तन झपाट्याने वाढतात, त्वचा ताणली जाते, दुखते. याला 'ज्युव्हेनाइल हायपरट्रॉफी' म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण 'वयच आहे, होईल नीट' असे म्हणून थांबण्यासारखा नाही.

तेले, मलमे, मालिश यांनी आकार कमी होत नाही. छातीचे व्यायामही तो कमी करत नाहीत, कारण व्यायाम होतो तो स्तनांच्या मागच्या स्नायूचा. एकूण वजन उतरले तर काहींच्या छातीचे माप कमी होते, काहींच्या फारसे नाही. ज्यांच्यात चरबीचा वाटा जास्त, त्यांना फरक जास्त जाणवतो. मोठी छाती म्हणजे कर्करोग, असाही एक समज आहे. नुसता आकार हे कर्करोगाचे लक्षण नाही. ब्रामुळे कर्करोग होतो, ही अफवाही अधूनमधून मोबाइलवर फिरते. अमेरिकेतील सिएटल भागात झालेल्या २०१४ सालच्या अभ्यासात ब्रा वापरणे आणि स्तनांचा कर्करोग यांत कोणताही संबंध आढळला नव्हता. एकाच बाजूला नव्याने लागलेली गाठ, त्वचेला पडलेली खळी, बोंडातून येणारा स्राव किंवा अचानक बदललेला आकार दिसला, तर मात्र तो संकोचाचा विषय राहत नाही. लगेच तपासणी करून घ्यावी.

मान, खांदे आणि घाम

दुखण्यांची यादी बहुतेकींना पाठ असते, फक्त ती एकमेकींना जोडली जात नाहीत. मान दुखते म्हणून उशी बदलली जाते. खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ पडतात, ते सवयीचे होतात. पाठ दुखते, त्याचा दोष लोकलमधल्या उभ्या प्रवासावर किंवा ऑफिसच्या खुर्चीवर जातो. काही वेळा दोषी खरोखर तेच असतात, त्यामुळे हे ओळखणे डॉक्टरांनाही सोपे नसते.

खाडीकाठच्या या पट्ट्यात, ठाण्यापासून कल्याणपर्यंत, घाम हा वेगळाच विषय आहे. स्तनांखालच्या घडीत ओल राहते, त्वचेवर त्वचा घासते, लाली येते, खाज सुटते आणि त्यावर बुरशी वाढते. दुखणे दाखवायची लाज, म्हणून औषधाच्या दुकानातून नाव न सांगता 'खाजेची ट्यूब' आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस बरे वाटते, मग गजकर्ण आणखी पसरते आणि त्वचा पातळ होते. घडी कोरडी ठेवणे, सुती अस्तराची ब्रा रोज बदलणे, प्रवासातून आल्यावर ओला कपडा लगेच काढणे यानेच बरेच काम होते. त्यानंतरही राहिले तर त्वचारोगतज्ज्ञ. दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ब्राचा नंबर चुकतो कुठे?

'८० टक्के बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात' हे वाक्य दुकानांच्या जाहिरातींत हमखास असते. असा आकडा ऑस्ट्रेलियातल्या २००८ सालच्या एका अभ्यासात सापडतो. त्यात तरुणी होत्या अवघ्या ३०. त्यांपैकी ७० टक्के जणींची ब्रा लहान होती आणि १० टक्के जणींची मोठी. एवढ्याशा गटावरून सगळ्या जगाबद्दल बोलणे धाडसाचेच. पण त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. एक, ज्यांची छाती मोठी त्यांचेच माप जास्त चुकले होते. दोन, त्या गटात पाठीच्या वरच्या भागातल्या दुखण्याचा छातीच्या आकाराशी संबंध आढळला नाही. म्हणजे दिसेल ते प्रत्येक दुखणे छातीच्या माथी मारण्यातही अर्थ नाही.

माप चुकते, त्याचे मूळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. समजा, छातीखालचा घेर ३४ इंच आहे आणि छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचा घेर ४० इंच. फरक ६ इंचांचा. ब्रिटिश पद्धतीत एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी आणि सहाला ई कप. म्हणजे या बाईचे माप झाले ३४ ई. जुन्या पद्धतीत छातीखालच्या मापात आधी चार इंच मिळवले जातात. ३४ चे झाले ३८. चाळीसमधून ३८ वजा केले की उरले दोन. म्हणजे ३८ बी! बाई तीच, टेप तीच आणि नंबर इतका वेगळा. दुकानात बी आणि सी कप सहज मिळतात, डीच्या पुढचे शोधावे लागतात. त्यामुळे ३८ बी हातात ठेवणे दुकानदारालाही सोयीचे पडते.

त्याचा परिणाम खांद्यावर होतो. छातीचे वजन पेलण्याचे मुख्य काम खालच्या पट्ट्याचे असते, खांद्यावरच्या पट्ट्यांचे नव्हे. खालचा घेर सैल असला की तो पाठीवर वर सरकतो, सगळा भार खांद्यांवर येतो आणि वळ पडतात. मग बाई पट्ट्या आणखी आवळते. कप लहान असल्याने वरून आणि काखेतून अंग बाहेर येते, ब्लाऊजवर त्याची रेघ उमटते आणि संकोचात भर पडते. पुष्कळदा दोष अंगाचा नसतो, त्या ३८ बीचा असतो.

कपाचे अक्षर एकटे काहीच सांगत नाही, हेही फार जणींना माहीत नसते. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींच्या कपात जवळपास सारखेच आकारमान मावते. त्यामुळे 'डी कप म्हणजे खूप मोठी' हा समज चुकीचा आहे. कंपन्यांची अक्षरेही सारखी नसतात. डीनंतर कुणी डीडी लिहितो, कुणी ई. घेताना नंबरापेक्षा चार खुणा पाहाव्यात. पट्टा पाठीमागे आणि पुढे एकाच उंचीवर आडवा बसला पाहिजे. त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत. मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. आणि नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसावी, म्हणजे ताण गेल्यावर आतले हूक वापरता येतात.

हे सगळे घालून पाहता आले तर ठीक. डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्यातला गोखले रोड, जिथे काउंटरपलीकडे पुरुष विक्रेता आहे आणि घालून पाहायची खोली नाही, तिथे बाई नंबर पुटपुटते, मिळालेले पाकीट पर्समध्ये कोंबते आणि निघते. अलीकडे ऑनलाइन खरेदीमुळे ही अडचण थोडी कमी झाली. मात्र अनेक ठिकाणी आतले कपडे परत घेत नाहीत. मागवण्यापूर्वी ती अट वाचलेली बरी.

ब्लाऊजचे मापही तेच ते

शिंप्याकडे 'मापाचा ब्लाऊज' द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. टेप लावून घ्यायला नको, म्हणून हा मार्ग अनेकींना आवडतो. पण मापाचा ब्लाऊजच जिथे चुकला आहे, तिथे नवे सगळे तसेच होतात. मुंढा काचतो, पुढे हुकांमध्ये फट पडते, ती पिनेने बंद केली जाते आणि मग दिवसभर लक्ष त्या पिनेकडे. भरलेल्या छातीला साधा चार टक्सचा ब्लाऊज बऱ्याचदा बसत नाही. कटोरी किंवा प्रिन्सेस कट शिवून घेतला तर कापड अंगाच्या गोलाईप्रमाणे वळते. माप देताना आपण लग्नाकार्यात घालणार तीच ब्रा घातलेली असावी. आता घरोघरी शिवणकाम करणाऱ्या महिला आहेत, त्यांच्याकडे टेप लावून घ्यायला तेवढा संकोच वाटत नाही.

मुली मैदान का सोडतात?

ठाण्यातल्या वर्षा मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या मुली पाहताना, नववी-दहावीत पीटीच्या तासाला 'पोटात दुखते' म्हणून बसून राहणाऱ्या मुली आठवणार नाहीत. त्या मोजल्याच जात नाहीत. इंग्लंडमध्ये मोजल्या गेल्या. पोर्ट्समथ विद्यापीठातील जोआना स्कर आणि सहकाऱ्यांनी ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना याबद्दल विचारले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४६ टक्के मुलींनी स्तनांमुळे आपल्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो, असे सांगितले. ८७ टक्के मुलींना या विषयाची अधिक माहिती हवी होती. म्हणजे माहिती तिकडेही मिळत नव्हती.

धावताना स्तन फक्त वर-खाली हलत नाहीत, आडवे आणि पुढे-मागेही हलतात. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधील १,२८५ महिला धावपटूंच्या पाहणीत ३२ टक्के जणींना स्तनांत दुखण्याचा अनुभव होता. या आणखी एका दुखण्यावरचा उपाय फार जुना नाही. अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी १९७७ मध्ये पहिली स्पोर्ट्‌स ब्रा तयार केली. तिचा पहिला नमुना पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकत्र शिवून केला होता! मोठ्या छातीसाठी नुसती घट्ट दाबून धरणारी स्पोर्ट्‌स ब्रा पुरत नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळे कप असलेली आणि रुंद पट्ट्यांची घ्यावी. उपवन तलावाकाठी चालण्यापुरती साधी चालेल, धावायला नाही.

टेनिसपटू सिमोना हालेपने दुसरा मार्ग निवडला. २००९ मध्ये, १७ व्या वर्षी, तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ चे विम्बल्डन तिने जिंकले. शस्त्रक्रियेमुळे जिंकली, असे म्हणता येणार नाही. पण त्रास होतो हे तिने लपवले नाही.

टोमणा कुठे संपतो, गुन्हा कुठे सुरू होतो?

महाराष्ट्रातील एका खटल्याने हा प्रश्न देशासमोर आणला. बारा वर्षांच्या मुलीची छाती कपड्यांवरून दाबणे हा 'पोक्सो' कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, कारण त्वचेचा त्वचेशी स्पर्श झाला नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला. महत्त्व लैंगिक हेतूला आहे, मध्ये कापड होते की नव्हते याला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या कलमाखाली किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

प्रौढ महिलांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. विनयभंगाच्या हेतूने हात लावणे कलम ७४ मध्ये येते आणि त्याला एक ते पाच वर्षे शिक्षा आहे. अंगावरून लैंगिक शेरे मारणे कलम ७५ मध्ये, तर शब्द किंवा हावभावाने स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणे कलम ७९ मध्ये येते. कार्यालयातले असे शेरे २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे नेता येतात. रेल्वेत मदतीसाठी १३९, एरवी ११२. प्रत्यक्षात पुलावरच्या गर्दीत कोपर मारणारा पुढच्या क्षणी दिसेनासा होतो आणि कामावर उशीर नको म्हणून तक्रार राहते, हेही तितकेच खरे.

घरातल्या टोमण्यांना कलम नाही. हळदीकुंकवाला 'अंगाने चांगलीच भरलीस गं' म्हणणाऱ्या काकूंना त्यात काही वावगे वाटत नाही. ऐकणारी मात्र पुढच्या कार्यक्रमाला यायचे टाळते. आरशासमोर तासन्‌तास जाणे, कॉलेज-समारंभ सोडणे, सतत तेच विचार येणे असे दिसू लागले, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. 'टेलि मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही बोलता येते, मराठीतही.

शस्त्रक्रिया केव्हा आणि कुठे?

कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपण डॉक्टर व्हायला अमेरिकेला का निघालो हे सांगितले होते. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, ही गरज त्यांनी त्यात मांडली. आज कल्याण-डोंबिवलीत महिला डॉक्टरांना तोटा नाही. तरीही 'छाती जड वाटते, त्रास होतो' हे वाक्य तपासणीच्या शेवटी, उठता उठता सांगितले जाते. सुरुवात त्यानेच करायला हरकत नाही.

आधी योग्य मापाची ब्रा, पाठीचे व्यायाम आणि त्वचेवर उपचार. एवढे करूनही त्रास राहिला तर प्लास्टिक सर्जन. मुंबई महापालिकेच्या शीव आणि परळच्या केईएम रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत आणि मध्य रेल्वेवरून तिथे जाणे सोपे आहे. शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, काही तासांची असते. प्रत्येक बाजूने बहुधा काही शे ग्रॅम ऊती काढतात, त्या तपासणीसाठी पाठवतात आणि बोंड वर घेतात. व्रण राहतात, बऱ्याचदा नांगराच्या आकाराचे. बोंडाची संवेदना बदलू शकते, पुढे अंगावर पाजताना दूध कमी पडू शकते. म्हणून वाढ थांबेपर्यंत, सहसा १८ वर्षांपर्यंत, थांबायला सांगतात आणि मूल लवकरच हवे असेल तर आधी ते होऊ द्या, असेही सुचवतात. वजन वाढले किंवा गरोदरपण आले की आकार पुन्हा वाढू शकतो. एवढे असूनही मान-खांद्याच्या दुखण्यापुरते पाहिले, तर या शस्त्रक्रियेनंतर समाधानी असणाऱ्या महिलांचे प्रमाण मोठे असते, असे अनेक अभ्यास सांगतात.

खर्चाच्या बाबतीत अडते ते विम्यात. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा थेट आणि तातडीचा आरोग्यधोका टाळण्यासाठी आवश्यक उपचार एवढाच अपवाद आणि ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. त्यामुळे मानदुखीची, फिजिओथेरपीची, त्वचेच्या उपचारांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपून ठेवावीत आणि तारीख ठरवण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.